चुलीमागची मतं

मतं चुलींवर मोजायची असतात, अशी माझी चाळिशी उलटेपर्यंत पक्की समजूत होती. त्या समजुतीवर मी एक निवडणूक लढवली. लढवली कसली, पडले. एक चूल म्हणजे एक घर, एका घराला एक कारभारी, आणि कारभाऱ्यानं मान हलवली की त्या चुलीमागं जेवायला बसणारी सगळी तोंडं आपली, असा माझा हिशेब. सकाळी दारात दात घासत उभी राहून गल्लीतल्या घरांवरचा धूर बघायचे आणि मनातल्या मनात निवडून यायचे. निकालाच्या आधीच गुलालाचं पोतं आणून मी माजघरात ठेवलं होतं. तो गुलाल पुढं रंगपंचमीला गल्लीतल्या लेकरांनी उडवला. त्यांना भारी मजा आली.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे वास. हळद शिजल्याचा. आमचं गाव हट्टा गावाच्या अंगाला, वसमत तालुक्यातलं. इकडं थंडी ओसरून उन्हाचा चटका सुरू झाला की शिवारात जागोजागी हळद शिजते. ज्यानं तो वास घेतला नाही त्याला कसा सांगावा? ओल्या मातीचा असतो, उकडलेल्या कंदाचा असतो, शिवाय जखमेवर आईनं काहीतरी बांधलंय असाही असतो. केसांत बसतो, भाकरीत उतरतो. आता ट्रॅक्टरमागं बॉयलर येतो, वाफ सोडतो आणि तासाभरात दुसऱ्याच्या शेतात निघूनही जातो. तेव्हा लोखंडी कढया होत्या. माणूस आत झोपेल एवढ्या. खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर पोती झाकलेली, आणि फेस येऊन वाफ सुटली की कुणीतरी काडी टोचून बघायचं. काडी सहज आत गेली की हळद शिजली. माझ्या अकलेला अशी काडी टोचून बघायची सोय असती तर बरं झालं असतं.

यंदाही हळद आणि पंचायतीची निवडणूक एकाच वेळी आली. माझ्या थोरल्याची पोरगी पल्लवी अठराची झाली, ती पहिल्यांदा मत देऊन आली. शाई लावलेलं बोट नाचवत म्हणाली, "आज्जी, काहीच न्हाई गं. बटन दाबलं, पीं वाजलं, झालं." जणू पिठाच्या गिरणीतून जाऊन आली. कुणाला दिलं, हे मी विचारलं नाही. तेवढं शहाणपण मला आलेलं आहे. ते कसं आलं, तेच सांगते.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता. हिंगोली वेगळी व्हायची होती. मताचं वय एकवीसवरून अठरावर आलं त्याला काही वर्षं होऊन गेली होती. लोकसभेला, विधानसभेला ही पोरं मत टाकून आलीही होती, पण त्याचं कुणाला फारसं वाटलं नव्हतं. दिल्लीत कोण बसतो यावरून आमच्याकडं बांध कोरला जात नाही. पंचायतीचं तसं नसतं. तिथं उमेदवार म्हणजे शेजारीण असते, तिची कोंबडी आपल्या अंगणात येते. आमच्या गावची पंचायतीची निवडणूक मध्ये बरीच लांबली होती, त्यामुळं तिच्यात ही अठरा-एकोणीसची पोरं पहिल्यांदाच उतरत होती. पारावरची म्हातारी माणसं बिथरली होती. बैलं पाण्यावर न्यायला सांगितली तर विसरतात, ही पोरं पंच निवडणार?

मी त्या म्हाताऱ्यांच्याच बाजूची. आमच्या वॉर्डातली एक जागा बायांसाठी राखीव झाली, आणि आमच्या ह्यांनी घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "उद्या तहसीलला चलायचं, तुला उभं करून राहिलो." मला कुणी विचारलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. चिन्ह मिळालं छत्री. मग मी भर उन्हात उघडी छत्री घेऊन गावभर हिंडायला लागले. पुढं मी, मागं चार जावा-भावजया, सगळ्यात मागं कुत्री. एक म्हातारी म्हणाली, "अगं, पाऊस कुठंय?" मी म्हणाले, "मावशे, मतांचा पडणार हाय." केवढी मी स्वतःवर खूश!

माझं एक ठरलेलं भाषण होतं. भाषण म्हणजे एकच वाक्य, पण ते मी प्रत्येक अंगणात म्हणायचे. "पोराला लग्नाला एकवीस लागतात आन् मताला अठरा. म्हंजे बायको सांभाळायची अक्कल न्हाई, पन देश सांभाळायची हाये!" माणसं खो-खो हसायची. कारभारी हसला की मी लगेच विचारायचे, "मग किती मतं धरू दाजी?" तो म्हणायचा, "चुलीमागं जेवढी हायेत तेवढी." मी पुढच्या घराकडं. त्या अंगणात भिंतीला टेकून जी पोरं उभी असायची, ज्यांच्यावर मी हा विनोद केलेला असायचा, ती त्या मतांतलीच होती हे माझ्या ध्यानातही यायचं नाही.

एकदाच अडले. ओढ्याजवळ पाच-सहा पोरं बसली होती, सगळी नुकती मिसरूड फुटलेली. मी माझं वाक्य टाकलं. त्यातला एक, आमच्याच भावकीतला दिगंबर, शांतपणे म्हणाला, "काकू, तुमचं लगीन कितव्या वर्षी झालं?"

"पंधराव्या."

"मग तवा होती का अक्कल?"

पोरं तर हसलीच, माझ्यामागच्या जावाही हसल्या, आणि त्या मेल्या कुत्र्यांनीसुद्धा शेपट्या हलवल्या. मी छत्री मिटून म्हणाले, "लई शहाणा झाला रे, मायला सांगते तुझ्या." आणि चालू लागले. 

पण खरं सांगायचं तर त्याचा प्रश्न नंतर माझ्या मागंच लागला. अठराव्या वर्षी मी काय होते? कडेवर एक, पोटात एक. सासूला अंगावरून वारं गेलं होतं, तिचं सगळं मी करायचे. चार माणसांचा भार माझ्यावर होता आणि कुणी म्हटलं नाही की या पोरीला अक्कल नाही, हिला जरा थांबवा. मत मात्र नव्हतं. ते एकवीस झाल्यावर आलं. सासऱ्यांनी बैलगाडीत बसवताना सांगितलं, "बैलाच्या चित्रावर," आणि मी बैलाच्या चित्रावर शिक्का मारून आले. कुणाचा बैल, कसला बैल, मला आजही माहीत नाही. म्हणजे मत मिळायच्या आधी तीन वर्षं मी घर चालवत होते, आणि मिळाल्यावर पुढची कितीतरी वर्षं दुसऱ्याचं बोट धरून शिक्का मारत होते. त्या पोरांना मी कशाला हसत होते, देव जाणे. आपल्याला जे मिळालं नाही ते दुसऱ्याला फुकट मिळालेलं बघवत नाही, तेवढंच असेल.

पोरं त्या ओढ्यावर उगाच बसली नव्हती. गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता तेव्हा कच्चा, मध्ये हा ओढा, त्यावर पूल नाही. एसटी फाट्यावरून निघून जायची. दहावीपर्यंतची शाळा जवळ होती. पुढं शिकायचं तर वसमत. पोरं चिखल तुडवत, ओढ्याच्या पाण्यातून फाट्यापर्यंत जायची. पोरी नाही जायच्या. म्हणजे त्या जायला तयार होत्या, घरचे पाठवत नव्हते. पोरांचं म्हणणं एवढंच होतं की पंचायतीनं ओढ्यात सिमेंटच्या नळ्या टाकून वरून वाट करावी आणि गाडी गावात यावी म्हणून डेपोला ठराव पाठवावा. दिगंबरनं मला तेही विचारलं होतं, "काकू, गाडीचं काय?" मी म्हणाले होते, "आधी देवाचा मंडप होऊ दे." मंदिरापुढं सभामंडप, हे माझं आश्वासन. म्हाताऱ्यांना फार आवडलं होतं.

आणि माझ्या घरात मंगल होती.

मंगल माझी धाकटी. शाळेत जरा उशिरा घातलेली, त्यामुळं दहावी होईस्तोवर सतरा उलटली. पहिल्या वर्गात पास झाली. निकालाच्या दिवशी तिनं पेढे वाटले, दुसऱ्या दिवशी वडलांपुढं वसमतचं कॉलेज काढलं. हे म्हणाले, "ओढ्यातून कोन सोडायला येनार रोज?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. विषय तिथंच संपला. तेव्हापासून ती घरी होती. दोन स्थळं बघून गेली होती, तिसरं यायचं होतं. हळदीच्या दिवसांत ती इतर पोरींबरोबर खळ्यावर बसायची. मोठ्या गड्ड्याची बोटं मोडून हळकुंडं वेगळी करायची. बोलायची कमी. मला वाटायचं, चला, पोरगी रुळली. आपल्या पोटचं लेकरू गप्प बसलं की ते सुखात आहे असं मानून घेणारी मी एकटीच आई नसेन, पण त्या गावात तरी पहिला नंबर माझा.

माझ्या विरोधात पंचफुलाबाई होत्या, बौद्धवाड्यातल्या. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर. स्वतः सातवी झालेल्या, डोळ्यांना चष्मा, आणि जीभ अशी की समोरचा शब्द खाली पडू द्यायच्या नाहीत. मी त्यांना मोजतच नव्हते. त्यांच्या वाड्यात चुली कमी, माझ्या गल्ल्यांत जास्त, हिशेब मिटला. त्यांच्या वाड्याकडं मी मत मागायला फिरकलेही नाही. गेले असते तर निदान चांगला चहा तरी मिळाला असता, असं त्या पुढं मला कितीदा तरी म्हणाल्या.

एका दुपारी मी छत्री घेऊन आमच्या खळ्यावरून चालले होते, तर पंचफुलाबाई पोरींच्या घोळक्यात मांडी घालून बसलेल्या. हात पिवळेजर्द. हळकुंडं मोडत होत्या आणि बोलत होत्या. पोरी त्यांच्याकडं तोंड करून, त्यात मंगलही.

मी लांबूनच ओरडले, "पंचफुलाबाई, मतं मागून राहिल्या का हळद मोडून राहिल्या?"

"दोनी, वैनी. हात रिकामे काहून ठेवायचे?"

"अवो, ह्या पोरींना काय इचारता? त्यांच्या बापांना इचारा."

"बापांना इचारलं. आता ज्यांचं मत हाये त्यांना इचारते."

मी हसले. मागच्या जावांना म्हणाले, "बाईचं डोकं उन्हानं फिरलं." आणि छत्री फिरवत पुढं गेले. त्या घोळक्यातून मंगलनं मान वर करून बघितलं होतं, हे मला आत्ता लिहिताना आठवतं. तेव्हा ते ध्यानातही आलं नव्हतं.

मतदान शाळेत झालं. त्या दिवसाची माझी खरी आठवण बोटांची आहे. हळदीचे दिवस, त्यामुळं रांगेतला प्रत्येक हात पिवळा. शाई लावणारा माणूस परगावचा, बिचारा वैतागला. बोट ओल्या फडक्यानं पुसायचा, पिवळं जायचं नाही, शाई लावायचा, ती हिरवट-काळी दिसायची. म्हणाला, "या गावात काय सगळ्यांना कावीळ झालीय का?" रांगेत हशा. कुणीतरी म्हणालं, "साहेब, नवरदेव हाओत सगळे." वसमतच्या बाजारात त्या आठवड्यात कुणाचं बोट बघितलं तरी कळायचं, हा हळदीच्या गावचा, आणि ह्यानं मत दिलंय.

आणि पोरं! मोठी माणसं शेतातून होती तशीच आली होती, धुळीच्या पायांनी. अठरा-एकोणीसची पोरं मात्र आंघोळी करून, इस्त्रीचे शर्ट घालून, भांग पाडून. शर्टाला इस्त्री कशानं केली असेल? तांब्यात विस्तव घालून. मी कनातीबाहेर उभी राहून त्यांना बघून हसत होते, "बघा, वरातीला आले." तेवढ्यात पोरींच्या रांगेत मंगल दिसली. माझी मोतिया रंगाची साडी नेसलेली. तिला साडी नेसलेली मी फारशी बघितली नव्हती. चापून-चोपून निऱ्या, केसांत फूल. माझ्या मनात काय आलं सांगू? तिसऱ्या स्थळाला हीच साडी नेसवून दाखवावी. एवढंच आलं. पोरगी आयुष्यातलं पहिलं मत द्यायला सजून उभी, आणि आई तिचा भाव करून राहिली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती बराच वेळ होती. मी म्हटलं, छत्री शोधत असेल.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव अडकायला नको. पंचफुलाबाई निवडून आल्या. एसटी काही लगेच आली नाही. ठराव गेले, कागद परत आले, पंचफुलाबाई चष्मा पुसत डेपोत जाऊन बसल्या, पुन्हा कागद गेले. त्या वर्षी आधी ओढ्यात नळ्या पडल्या, तेवढं झालं. जूनमध्ये पाच पोरी एकमेकींचे हात धरून चिखलातून फाट्यावर जायला लागल्या. पाचवी मंगल होती. ह्यांना कुणी मनवलं? मी. म्हटलं, ओढ्याचं कारण सांगत होता ना, आता ओढा राहिला न्हाई. तिसऱ्या दिवशी जेवताना हे म्हणाले, "डबा देत जा तिला." गाडी गावात आली तेव्हा मंगलचं बारावीचं वर्ष संपत आलं होतं, तिच्या वाट्याला गाडी दोनेक महिने आली. आता ती हिंगोलीला दवाखान्यात नर्स आहे. गाडी मध्येच बंद पडते, मध्येच सुरू होते, तिचं काही खरं नाही. सभामंडपही झाला, पण कुणा दुसऱ्याच्याच हातून. त्यात आम्ही म्हाताऱ्या दुपारी बसतो. पंचफुलाबाईही कधी कधी येऊन टेकतात, आणि आम्ही दोघी नव्या उमेदवारांच्या चुका काढतो. त्यांचं म्हणणं, "वैनी, तुमी उभ्या ऱ्हायल्या म्हनून मी निवडून आले. दुसरी कुनी असती तर अवघड होतं." हे कौतुक की टोमणा, हे मी विचारत नाही.

निकालाचा दिवस. मोजणी तहसीलला. आम्ही जीपमधून गेलो, आणि येताना त्याच जीपमध्ये जागा जास्त वाटायला लागली, कारण बरीच माणसं पंचफुलाबाईंच्या टेम्पोत चढली होती. फार मोठ्या फरकानं नाही, पण पडले. घरी आल्यावर हे ओसरीवर बसून एकेक घर मोजायला लागले. "ह्याची चूल फुटली का? त्याची? न्हाई, त्यो तसा न्हाई." सगळ्या कारभाऱ्यांना त्यांनी निर्दोष सोडलं, आणि गंमत म्हणजे ते बरोबरच होतं. कारभाऱ्यांनी मला मतं दिलीच होती. फुटलं होतं ते चुलीमागं. दिगंबर, त्याचे जोडीदार, कुणाच्या पोरी, कुणाची नवी सून. ज्यांना आम्ही कुणी काही विचारलं नव्हतं ती सगळी.

मी खळ्यावर गेले. घरात गुलालाचं पोतं बघवत नव्हतं. ऊन कललं होतं, वाळलेली हळकुंडं गोळा करायची वेळ. मंगल एकटीच फडा घेऊन ढीग लावत होती. वाळलेल्या हळदीचा खडखड आवाज येत होता. मी पण बसले, हातानं ओढायला लागले.  माझ्या मनात निकाल कळल्यापासून एकच घोळत होतं. गावानं पाडलं त्याचं दुःख एवढं नव्हतं; गाव कुणालाही पाडतं. मला भीती वेगळीच वाटत होती, आणि ती विचारायची लाजही वाटत होती. शेवटी मी ढिगाकडं बघतच विचारलं, "मंगे, खरं सांग. तू तरी मला दिलंस का?"

तिनं फडा थांबवला. रागावली नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं ते असं, की ही बाई आज पहिल्यांदाच आपल्याला काहीतरी विचारतेय. मग पुन्हा झाडायला लागली, आणि झाडता झाडता म्हणाली,

"पंचफुलाकाकूनं माझ्याकडं मत मागितलं, माय. तू या महिन्यात मला पानी मागितलंस, चपला मागितल्यास, डोक्याला लावायला तेल मागितलंस. मत तेवढं न्हाई मागितलंस."